सुरूच्या बनातलं गाऱ्हाणं

शिबिराला खरं तर ताई जायला हवी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मनावर थोडं कमी ओझं राहील. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी शैलाताई ही दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीवर चढून दाखवलेली एकटी मुलगी. कुणाचा पतंग वर अडकला की मुलं आमच्या दारात येऊन तिला हाक मारायची, आणि ती हातातली पोळी तोंडात कोंबून तशीच पळायची. मी तिचा धाकटा भाऊ दिनू. गच्चीवर गेलो तर कठड्यापासून लांब, जिन्याच्या दाराशी उभा राहणारा. चेंडू खाली पडला तर पडल्याचं पाप माझं, पलीकडच्या बिऱ्हाडातलं दूध नासलं तरी बहुधा माझंच, असं मला वाटत असे. बायको आजही म्हणते, पावसानं दडी मारली तरी तू माफी मागशील. ती सवय तेव्हापासूनची.

गिर्यारोहण करणाऱ्या एका मंडळातला माधवदादा सुट्टी लागायच्या सुमारास वसाहतीत आला होता. मनोरीला, समुद्राजवळच्या सुरूच्या बनात, झाडांना दोर बांधून मुलांचं शिबिर भरणार होतं. दोरांवरून चालायचं, जाळ्यांवर चढायचं, एकमेकांना धरून भिंती ओलांडायच्या. मुलांना स्वतःवर विश्वास येतो, दुसऱ्याला सांभाळून घ्यायची सवय लागते, असं तो दारोदार समजावत होता. आमच्या वसाहतीसाठी जागा मोजक्या होत्या, म्हणून घरटी एकच मूल. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. "शैला कित्याक व्हयी थंय? ती हयच झाडार चढता. ह्येका धाडूया. ह्येका गरज आसा." आई आतून म्हणाली, "उन्हात काळो होऊन येतलो." झाला निर्णय. ताईला कुणी विचारलं नाही. ती खिडकीत उभी राहून वेणी घालत होती. तिनं ती अर्ध्यावर सोडली, मग पुन्हा पहिल्यापासून घातली.

माझी पिशवी तिनंच भरली. तिचे कॅनव्हासचे बूट मला मोठे होत होते, तर पुढे कापूस कोंबून दिला. मी म्हटलं, "तायग्या, मी नाही जात. तू जा." ती म्हणाली, "गप रे. बाबा एकदा बोलले की बोलले. तू जा, आणि आल्यावर मला सगळं सांग. नुसतं 'मजा आली' म्हणालास ना, तर बघ." ह्या अटीवर मी गेलो, आणि तिची जागा खाऊन आलोय ही भावना बरोबर घेऊन गेलो.

आता घराविषयी थोडं सांगायला हवं, कारण जे घडलं ते त्या घरामुळेच घडलं. गिरणी बंद पडल्यावर बाबा गोरेगावच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागले होते. बाहेर ते कमी बोलत. साहेबांसमोर तर दोन शब्दांतही अडखळत. पण वसाहतीत गाऱ्हाणं घालायचं म्हटलं की आमच्या बाबांशिवाय पान हलत नसे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : कुठल्याही कामाआधी देवाला जे मोठ्यानं साकडं घालतात ते गाऱ्हाणं. एक जण म्हणतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" असा होकार देतात. बाबा गणपतीला तर घालतच, पण कुणी नवी फटफटी घेतली, कुणाचा मुलगा परदेशी निघाला, तरी बोलावणं यायचं. समोरच्या गुजराती कुटुंबानं फ्रीज आणला तेव्हा त्या भाभीनंही बाबांना बोलावून फ्रीजसाठी गाऱ्हाणं घालून घेतलं होतं, आणि "आतला बर्फ कधी उणा पडू नये" ह्या मागणीला तिनंच सगळ्यांत मोठ्यानं होकार दिला होता. बाबांच्या त्या वेळच्या आवाजात एक ठेका असायचा, समुद्रावरून वल्हवत आल्यासारखा. मला त्याची लाज वाटायची. शाळेतली मुलं माझ्या मालवणी हेलाची नक्कल करत, म्हणून मी घराबाहेर तो हेल पुसून बोलायला शिकलो होतो. होकार देताना ओठ हलवायचो, आवाज काढत नसे.

मार्व्याहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो आणि बनात शिरलो, तेव्हा पहिल्यांदा कानांवर आला तो सुरूच्या झाडांचा आवाज. वारा नसतानाही ती झाडं सूं सूं करत राहतात. खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यात पाय रुततो, आणि वर नजर टाकली तर झाडाझाडांमधून बांधलेले दोर. सगळ्यांत उंचावर, झाडांवर बांधलेल्या फळ्यांच्या दोन मचाणांमध्ये, एक दोरांचा पूल होता. पायाखाली एकच जाड दोर, आणि दोन्ही हातांना धरायला दोन. दादा त्याला 'बर्मा ब्रिज' म्हणायचा. कमरेला पट्टा बांधलेला, पट्टा वरच्या दोराला कडीनं अडकवलेला, म्हणजे पडलो तरी लोंबकळणार, जमिनीवर येणार नाही, हे दादानं स्वतः उडी मारून, लोंबकळून दाखवलं. माझ्या डोक्याला ते पटलं. पायांना मात्र ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी दादा आम्हाला गोल उभं करून छातीवर हात ठेवायला लावी आणि तीनदा ओरडायला लावी, "मी करू शकतो." सगळे ओरडत. मी ओठ हलवायचो. ते शब्द खोटे होते असं नाही, पण ते माझ्या अंगाला लागत नव्हते. अलीकडे आमच्या कार्यालयाची सहल कर्जतच्या एका रिसॉर्टला गेली होती. तिथंही असेच दोर होते, आणि तिथला तरुण प्रशिक्षक आम्हा टक्कल पडलेल्या लोकांकडून तसल्याच घोषणा इंग्रजीत वदवून घेत होता. शेजारच्यांचे ओठ पाहिले. बरेच जण नुसतेच हलवत होते. बरं वाटलं.

शिबिराचा नियम असा की गटातलं शेवटचं मूल पलीकडे पोचल्याशिवाय गट पोचला असं धरायचं नाही. आमच्या गटात मनोरीचीच हर्षा नावाची एक कोळ्यांची मुलगी होती. तिच्या मामाच्या वाडीत आमचं जेवण शिजायचं. ती पुलावरून बाजारात चालल्यासारखी गेली. मग एकेक जण गेला. आणि मी मचाणाच्या टोकाशी झाडाला मिठी मारून उभा. पहिल्या दिवशी तसाच खाली उतरलो, दुसऱ्या दिवशीही. बाकीचे गट जेवायला बसायचे आणि आमचा गट माझ्यासाठी उन्हात उभा. कुणी मला बोललं नाही, दादानं तसं बजावलेलं असणार, पण एकाच्या पोटात गुरगुरलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. रात्री भाताबरोबर ताज्या बोंबलांचं कालवण होतं. मला घास गिळेना. मनात एकच : ताई असती तर कधीच पलीकडे गेली असती. मी तिची जागा घेतली, आणि ती वायाही घालवतोय.

तिसऱ्या दिवशी दादानं पद्धत बदलली. म्हणाला, दोघं दोघं जा. पण दोघं एकाच दोरावर असले की एक खोड असते : पावलं वेगवेगळ्या वेळी पडली की दोर झोपाळ्यासारखा डुलतो आणि दोघांचीही भंबेरी उडते. पावलं एकत्र टाकली तरच तो थाऱ्यावर राहतो. माझ्या मागे हर्षा. मी डोळे मिटून पहिला पाय टाकला, तिनं तिचा टाकला, दोर डावीकडे कलला, आणि माझ्या तोंडून काय निघालं ते मलाही कळलं नाही. बाबांच्या चालीवर, तोंडातल्या तोंडात, "बा देवा म्हाराजा…"

"काय पुटपुटतंस रं?" हर्षा मागून म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही कसा, चांगला ठेका हाय. मोठ्यानं म्हण की. मना पाय टाकाया बरा पडंल."

मी घाबरत घाबरत सांगितलं की एकानं म्हणायचं असतं आणि दुसऱ्यानं होकार द्यायचा असतो. "मंग दे ना आवाज," ती म्हणाली. मी म्हटलं, "हा दोर घट्ट ऱ्हवांदे, म्हाराजा." "व्हय म्हाराजा," हर्षा म्हणाली, आणि 'व्हय'वर दोघांचं पाऊल एकदम पडलं. दोर हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, "मागच्या हर्षाक धक्को मारूची बुद्धी देऊ नको, म्हाराजा." ती हसत सुटली, पण होकार चुकला नाही. अर्ध्यावर गेलो तोवर खालून आमचा अख्खा गट होकार देऊ लागला होता. पलीकडच्या मचाणाला हात लागला तेव्हा मी काय मागत होतो ते आठवत नाही. बहुधा जेवण मागत होतो. त्या दुपारी मी तीनदा भात घेतला. पुढे उरलेले दिवस जाळं असो की भिंत, आमचा गट गाऱ्हाणं घालूनच सुरुवात करायचा. ज्या हेलाची मला लाज वाटायची तो बोरिवली-मुलुंडची मुलं माझ्याकडून शिकून घेत होती. इतर गट आम्हाला 'म्हाराजा गट' म्हणायला लागले.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. आई, बाबा आणि ताई फेरीबोटीनं आली. आईच्या हातात आंबोळ्यांचा मोठा डबा आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची बरणी. मी त्यांच्यासमोर पुलावरून गेलो. एकटा, न अडखळता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कापूस पिंजल्यासारखे केस विस्कटले. आई म्हणाली, "बघ, काळो झालोच." आणि ताई? ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची मान वर होती. दोरांकडे.

दादा म्हणाला, पालकांपैकी, भावंडांपैकी कुणाला करून बघायचं असेल तर या. ताईनं तिथंच चपला काढल्या. बाबा म्हणाले, "खंय चललंस?"

"वर."

"काय नको. मोठी झालंस आता. लोक बघतत. ह्यां काय चेडवांचा काम न्हय."

"हर्षा मुलगीच आहे ना," मी म्हटलं. मी बाबांना उलटून बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुकटीतल्या एखाद्या कोळंबीनं तोंड उघडलं. ताईनं दुसऱ्याच सुरात बोलायला घेतलं, हळू, पण पाय रोवून. "बाबा, ह्याला पाठवताना तुम्ही मला विचारलं नाही. मी बोलले काही? आज एकदाच जाऊ द्या. पडले तर परत कधी नाव काढणार नाही." बाबांनी सुरूच्या खोडाकडे मान वळवली. "एकदाच," ते म्हणाले.

ताईनं स्वतःच्या तोंडानं ती अट घातली होती, आणि मला बाबा ठाऊक होते. ती पोचली नाही, किंवा तिला उतरवून घ्यावं लागलं, तर घरात हा विषय कायमचा मिटला असता. टाकी, पतंग, सगळंच.

मी पलीकडच्या मचाणावर जाऊन थांबलो, येणाऱ्याला हात द्यायला. कमरेला पट्टा बांधून ताई निघाली ती झपाझपच. टाकीच्या शिडीवर चढायची तशी. पण शिडी हलत नाही आणि दोर हलतो. वेगानं आली तसा दोर झुलायला लागला, आणि बरोब्बर मध्यावर, जिथं तो सगळ्यांत खाली वाकतो, तिथं ती थांबली. दोन्ही मुठी आवळलेल्या, बोटं पांढरी पडलेली. तिची थरथर दोरात उतरून माझ्या पायाखालच्या फळ्यांपर्यंत येत होती.

ह्या ठिकाणी मला एक कबूल करायचं आहे. क्षणभर, अगदी क्षणभरच, मला बरं वाटलं. तिलाही वाटते तर भीती. मागच्या महिन्यात मुलुंडला तिच्याकडे गेलो होतो तेव्हा हे लिहिणार असल्याचं सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "मी घाबरले नव्हते. पायाला घाम आला होता, पाय सरकत होता. लिहायचं तर नीट लिही." म्हणून तिचंही म्हणणं नोंदवलं. पण तिचे डोळे मी पाहिले होते. ती खाली पाहत नव्हती, दादाकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

दादानं खाली स्वतःच्या पट्ट्याची कडी हातात घेतली. "शैला, थांब तशीच. मी येतो, तुला घेऊन जातो."

"नको," ताई म्हणाली. पण दादा शिडीकडे निघालाही. बाबा स्वतःच्या चपला हातात धरून उभे होते, कधी काढल्या कुणास ठाऊक. ज्या माणसाला फ्रीजसाठी शब्द सापडायचे त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आमच्यात गाऱ्हाणं वडीलधाऱ्यानं घालायचं असतं. वडील समोर हजर असताना मुलानं घालायचं म्हणजे आगाऊपणाच. गटात खेळता खेळता घातलं ते वेगळं. मी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा शिडीच्या पायरीवर पोचलेल्या दादाकडे. आणि मोठ्यानं, घराबाहेर कधी काढला नव्हता तेवढ्या मोठ्यानं, आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा…"

खालून आमचा गट सवयीनं उठला. "व्हय म्हाराजा."

"आज ही शैला, तुझी लेक, तुझ्या बनात दोरार उभी आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिचो उजवो पाय जड झालो आसा, तो हलको कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आणि हर्षा ओरडली, "उजवा गं, उजवा."

ताईचा उजवा पाय उचलला गेला. एक वीत पुढे सरकला. दोर थोडा डोलला नि थांबला.

"आता डाव्याक राग येव नये, म्हणान डावोय हलको कर, म्हाराजा."

लोक हसले. ताईसुद्धा हसली असावी, कारण तिचे खांदे खाली आले. डावा पाय सरकला. दादा शिडीवरून परत खाली उतरला आणि होकार द्यायला लागला. मग मी मागत गेलो नि ती चालत आली. तिच्या टाकीसाठी मागितलं, अडकलेल्या पतंगांसाठी मागितलं, तिच्या अर्ध्यावर सोडलेल्या वेणीसाठी मागितलं. प्रत्येक होकाराला एक पाऊल. ती माझ्यापासून दोन हातांवर आली तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. आधी ठरवलेलं नव्हतं.

"आणि जो कोण म्हणात, ह्यां चेडवाचा काम न्हय, तेच्या तोंडाक कुलूप घाल, म्हाराजा."

ह्या वेळी गटातली मुलं गप्प झाली. ती बाबांकडे पाहू लागली. मघाचं बोलणं सगळ्यांनीच ऐकलं होतं. सुरूची झाडं तेवढी सूं सूं करत होती. ताईचा पाय हवेत, होकाराची वाट पाहत. आणि तेव्हा खालून एकच आवाज आला. आजवर कायम मागणी मागत आलेला, समुद्रावरून वल्हवत येणारा तो आवाज.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

ताईचं पाऊल पडलं. मी तिचा हात धरून तिला मचाणावर ओढलं. तिचा तळवा ओला होता, माझाही. खाली टाळ्या, शिट्ट्या, हर्षाचं किंचाळणं. मला वाटलं, ती रडेल, किंवा मला मिठी मारेल. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "वेणीचं कशाला काढलंस रे सगळ्यांसमोर?"

मग तिनं वळून पुलाकडे पाहिलं. "तुला इथं रोज असं व्हायचं?"

"हो."

"मग जायचास कसा?"

"तसाच. भीती जायची वाट बघितली नाही."

तिनं मान हलवली. दादाला हाक मारून विचारलं, "मी परत पुलावरून जाऊन त्या बाजूनं उतरू?" दादानं बाबांकडे पाहिलं. 'एकदाच' म्हटलेले बाबा काही बोलले नाहीत. कुलूप लागलं होतं. ताईनं कडी फिरवून अडकवली, आणि खालच्या सगळ्यांना म्हणाली, "आता कुणी काही म्हणायचं नाही. गप्प राहा."

सगळे गप्प राहिले. ती निघाली, ह्या वेळी सावकाश. पाय ठेवला, दोर थांबेपर्यंत थांबली, मग दुसरा. मचाणावर एकटा उभा राहून मी पाहत होतो, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला कशाबद्दलही अपराधी वाटत नव्हतं. मध्यावर, त्याच वाकलेल्या जागी, ती थांबली. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. हात सोडायला दादाची सक्त मनाई होती. त्यानं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. ताई त्या एका दोरावर, दोन्ही हात पसरून, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

खालून आई म्हणाली, "बस झाला गो आता, आंबोळ्यो निवतत."

"येतंय," ताई म्हणाली, आणि मुळीच घाई न करता उरलेला दोर चालून गेली.